ताप गाडीला की थर्मामीटरला?

लेकरू तापले की आई आधी त्याच्या कपाळाला हात लावते, मग थर्मामीटर लावते. थर्मामीटरने एकशे पाच दाखवले, पण कपाळ गार आहे आणि पोर दारात हुंदडते आहे, तर ती माउली त्याला काखोटीला मारून इस्पितळात धावत नाही. थर्मामीटर झटकून पुन्हा लावते, नाहीतर शेजारणीचा मागून आणते. हे शहाणपण आपल्या प्रत्येक घरात आहे. गाडी बिघडली की मात्र आपण ते गॅरेजच्या दाराबाहेर ठेवून आत जातो. कॉम्प्युटरने सांगितले, मिस्त्रीने ऐकवले, आपण मान डोलावली. आज या सदरात आम्ही अशाच एका तापाची हकिकत सांगणार आहोत.

आमच्या वसाहतीतला एक तरुण टुरिस्ट गाडी चालवतो. त्याच्या वडिलांनी उभा जन्म काळी-पिवळी चालवली. मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, तेव्हा हा म्हातारा दिवसभर कोणाशी बोलला नव्हता. त्या गाडीचा गिअर स्टिअरिंगजवळ असे आणि तिचे दुखणे ड्रायव्हरला कानाने कळत असे. मुलाने मात्र जमाना ओळखून कर्ज काढले आणि जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. सात माणसे बसतात, क्लच दाबावा लागत नाही, विमानतळाची भाडी मिळतात. दर महिन्याच्या सात तारखेला हप्ता जातो. त्या हप्त्याभोवती घरातला सगळा संसार फिरतो.

गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी रात्री हा पोरगा आमच्या दारात येऊन उभा राहिला.

"जयभीम काका. जरा बोलायचंय."

चेहऱ्यावरून आम्ही ओळखले की प्रकरण पैशाचे आहे. तीन आठवड्यांपासून गाडीत गिअरबॉक्स तापल्याचा दिवा लागत होता. दिवा लागला की गाडी एकाच गिअरमध्ये अडकून लंगड्यासारखी ओढायची. बंद करून पुन्हा चालू केली की कधी नीट व्हायची, कधी नाही. एका गॅरेजात नेली. तिथल्या माणसाने गाडीला यंत्र जोडले, पडदा पाहिला आणि पाच मिनिटांत निकाल दिला. "कॉम्प्युटरवर आलंय. गिअरबॉक्स जळाला. उतरवावा लागेल. सव्वा लाख धरून चाल."

सूनबाईंच्या दोन बांगड्या आणि कानातले गहाण टाकायचे घरात ठरले होते. पोरगा आमच्याकडे आला होता तो पतपेढीच्या कर्जासाठी जामीन राहाल का, हे विचारायला.

इथे आम्हांला आमचीच एक चूक सांगणे भाग आहे. तीन वर्षांपूर्वी वसाहतीतल्या दुसऱ्या एका बांधवाच्या गाडीत असाच दिवा लागला होता. तेव्हा आम्ही काहीही न तपासता बोलून गेलो होतो, "अहो, सेन्सर असेल. हल्ली सेन्सरच जातात. चालवा बिनधास्त." त्यांनी दिवा पुसून घेतला आणि गाडी चालवली. मुळात त्यांच्या तेलाच्या कूलरची नळी झिरपत होती. तेल कमी झाल्यामुळे गिअरबॉक्स खरोखरच तापत होता. बारा दिवसांनी घाट चढताना गिअरबॉक्स जळून बसला. गाडी भंगारभावाने गेली आणि ते आज रात्रपाळीला वॉचमन आहेत. भेटले की हसून बोलतात, आम्हांला दोष देत नाहीत. पण आमचा सल्ला फुकटचा होता आणि त्याची किंमत त्यांनी मोजली, हे आम्ही विसरलेलो नाही.

म्हणून या वेळी आम्ही "गिअरबॉक्सच असेल" असेही म्हटले नाही आणि "सेन्सरच असेल" असेही नाही. आम्ही एवढेच म्हणालो, "जामीन राहतो. पण आधी तपासू."

तेलाचा ताप कशासाठी मोजायचा?

ऑटोमॅटिक गाडीला क्लचचे पायडल नसते. तिथे बरेचसे काम तेल करते. इंजिनाची ताकद तेलातून पुढे जाते, गिअर बदलणाऱ्या आतल्या प्लेटा तेलाच्या दाबाने आवळल्या जातात आणि भागांना वंगण व थंडावाही तेच तेल देते. हे तेल थंड असले की घट्ट असते, तापले की पातळ होते. घट्ट तेलाला वेगळा दाब लागतो, पातळ तेलाला वेगळा. म्हणून गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला तेलाचे तापमान क्षणोक्षणी कळावे लागते. गाडी नीट चालत असली की हे तापमान बहुधा ८० ते ९५ अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. फार वर गेले तर तेल लवकर खराब होते आणि पाठोपाठ प्लेटा जळतात. म्हणून ताप वाढल्याचे दिसताच कॉम्प्युटर गाडीला जपून चालवू लागतो, दिवा लावतो, कधी एकाच गिअरला धरून ठेवतो.

तापमान सांगणारा सेन्सर म्हणजे तेलात बुडालेला एक छोटा मणी असतो. त्याचा गुण असा की तो थंड असला की विजेला जास्त अडवतो आणि तापला की कमी अडवतो. कॉम्प्युटर त्याच्याकडे पाच व्होल्टची वीज धाडतो आणि तारेवर किती व्होल्ट उरले ते पाहून ताप ठरवतो. तार तुटली तर पाचच्या पाच व्होल्ट उरतात. मग कॉम्प्युटर समजतो, तेल बर्फाहून गार, उणे ४० अंश! दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर जवळजवळ काहीच उरत नाही आणि तो समजतो, तेल भलतेच तापले. म्हणजे कॉम्प्युटरने तेल कधी पाहिलेले नसते. त्याला फक्त व्होल्ट दिसतात, बाकीचे तो अंदाजाने मानतो.

कोड म्हणजे निकाल नव्हे

आम्ही कारकून माणूस. कचेरीत तक्रार अर्ज आला की आवक नोंदवहीत त्याला नंबर पडतो. नंबर पडला म्हणजे आरोप सिद्ध झाला असे होत नाही, चौकशी पुढे व्हायची असते. गाडीचा कोड हा असाच आवक नंबर आहे.

तेलाच्या ताप-सेन्सरचे पाच कोड ठरलेले आहेत. पी ०७१० म्हणजे सेन्सरच्या वायरिंगच्या फेऱ्यात कुठेतरी दोष. पी ०७११ म्हणजे आकडा येतो आहे, पण तो पटण्यासारखा नाही, बदलायला हवा तेव्हा बदलत नाही किंवा भलताच बदलतो. पी ०७१२ म्हणजे व्होल्ट फार कमी, पी ०७१३ म्हणजे व्होल्ट फार जास्त आणि पी ०७१४ म्हणजे दोष येतो-जातो. यात एक फसगत आहे. ०७१२ मधला 'कमी' हा व्होल्टचा आहे, तापाचा नाही. व्होल्ट कमी म्हणजे ताप जास्त दिसणार. पुष्कळ शिकाऊ मिस्त्री इथेच उलटा अर्थ लावतात.

याखेरीज पी ०२१८ हा वेगळा कोड आहे. त्याचा अर्थ, गिअरबॉक्स प्रमाणाबाहेर तापला. पोराच्या गाडीत त्या गॅरेजवाल्याने हा एकच कोड वाचला होता. त्याने खोटे सांगितले असे आम्ही म्हणत नाही. पण गिअरबॉक्स तापल्याची ही बातमी ज्याने दिली, त्या सेन्सरची उलटतपासणी त्याने केली नव्हती.

सूनबाईंची वही

तपासाचा पहिला धागा आम्हांला गाडीत सापडलाच नाही, सूनबाईंच्या वहीत सापडला. पोरीचे शिक्षण बारावीपर्यंत. रोजचे भाडे, डिझेल, टोल, नवऱ्याचा चहा सगळे ती लिहून ठेवते. दिवा लागायला लागल्यापासून तिने वहीत एक नवा रकाना पाडला होता. दिवा किती वाजता लागला, गाडी कुठे होती, किती माणसे होती.

आम्ही हिशेबाला बसावे तशी ती वही उघडली. तीन आठवड्यांत अकरा नोंदी. त्यांतल्या आठ पहाटेच्या, गाडी चालू केल्यावर दोन-तीन मिनिटांच्या आतल्या. एक तर चाळीच्या फाटकातच. आणि ज्या दिवशी सात माणसे व सामान घेऊन पोरगा कसाऱ्याचा घाट चढून नाशिकला गेला, त्या दिवशी रकाना कोरा!

आम्ही सूनबाईंना विचारले, "यावरून काय वाटतं?"

ती पदर सावरून म्हणाली, "काका, ओझं वाहताना ताप नाही अन् झोपून उठल्यावर ताप. असा कसला ताप?"

वाचकहो, सव्वा लाखाचा अंदाज देणाऱ्याने हा प्रश्न विचारला नव्हता. मात्र वहीने शंका दाखवली, पुरावा दिला नाही. पुरावा गाडीत शोधायचा होता.

रविवारची तपासणी

वसाहतीत गाड्यांचे इलेक्ट्रिकचे काम करणारे एक गृहस्थ आहेत. सगळे त्यांना वस्ताद म्हणतात. त्यांच्याकडे गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरशीही बोलणारा स्कॅनर आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण बाजारातली स्वस्त यंत्रे पुष्कळदा इंजिनाच्या कॉम्प्युटरपुरतीच असतात. वस्तादांनी बजावले, "गाडी रात्रभर बंद ठेवा. सकाळी मी आल्याशिवाय चावी लावू नका."

यामागचे कारण साधे आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत इंजिनाचे पाणी, आत येणारी हवा आणि गिअरबॉक्सचे तेल या तिघांचा ताप जवळजवळ सारखाच असला पाहिजे. दोन-चार अंशांचा फरक चालेल. रात्रभर एका खोलीत झोपलेल्या तिघांपैकी एकालाच उन्हाळा कसा लागेल?

सकाळी सहाला वस्ताद आले. पोराचे वडीलही घोंगडी पांघरून खाली उतरले. आधी जुने कोड कागदावर लिहून घेतले, पुसले नाहीत. पी ०२१८ होताच, शिवाय गॅरेजवाल्याने न सांगितलेला पी ०७११ सुद्धा होता. मग इंजिन चालू न करता नुसती चावी फिरवून पडद्यावर चालू आकडे पाहिले. इंजिनाचे पाणी २६ अंश, हवा २७ आणि गिअरबॉक्सचे तेल ११८!

वस्तादांनी काही न बोलता पोराचा हात धरून गिअरबॉक्सच्या खालच्या चेंबरला टेकवला. लोखंड गारठलेले होते. आम्ही पाहत असतानाच आकडा ११८ वरून ६४ वर आला आणि लगेच १२१ वर गेला. गाडी जागची हललेली नाही. गिअरबॉक्समधले कित्येक लिटर तेल पापणी लवेपर्यंत साठ अंशांनी ना तापते, ना निवते. चहाचे आधणसुद्धा इतक्या घाईने उकळत नाही.

म्हातारबाबा म्हणाले, "म्हणजे गाडी खरं बोलतीय, डबा खोटं बोलतोय."

वस्ताद म्हणाले, "थांबा बाबा. डबा खोटं बोलतोय की डब्याला कोणी खोटं सांगतंय, ते बघायचंय अजून."

इथे लोक घाई करतात. आकडा चुकीचा आहे एवढ्याने सेन्सर खराब ठरत नाही. दोष तीन ठिकाणी असू शकतो. सेन्सरमध्ये, मधल्या वायरिंगमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्ये. आपल्याकडे उंदीर वायरी कुरतडतात, पावसाचे पाणी कपलरमध्ये शिरून पिना गंजतात, वायर लोखंडावर घासून सोलवटते. म्हणून वस्तादांनी बॅटरी घेऊन आधी बाहेरची वायर बोटाबोटाने पाहिली. ती धड होती. कपलरमध्ये ना पाणी होते, ना गंज.

मग त्यांनी चावी बंद करून गिअरबॉक्सवरचा कपलर काढला आणि चावी पुन्हा फिरवली. आकडा थेट उणे ४० वर गेला. तार मोकळी झाली की असेच दिसायला हवे. नंतर गाडीच्या वायरिंगचा नकाशा समोर ठेवून सेन्सरच्या नेमक्या दोन वायरी एका तुकड्याने जोडल्या. आकडा उसळी मारून वरच्या टोकाला गेला. हेही बरोबर. याचा अर्थ, कॉम्प्युटर शहाणा आहे आणि कपलरपर्यंतची वायरही धड आहे. दोष कपलरच्या पलीकडे, गिअरबॉक्सच्या आत आहे. इथे एक सावधगिरी सांगतो. त्याच कपलरात गिअर बदलणाऱ्या झडपांच्याही वायरी असतात. नकाशावाचून चुकीच्या दोन पिना जोडल्या तर चांगला कॉम्प्युटर हकनाक जळेल. हे काम जाणकारानेच करावे.

शेवटी मल्टिमीटर लावून गिअरबॉक्सच्या बाजूच्या पिनांवर सेन्सरचा अडथळा मोजला. त्या गाडीच्या दुरुस्ती-पुस्तकातल्या तक्त्याप्रमाणे २६ अंशाला तो अडीच हजार ओहमच्या वर हवा होता. मीटरवर शंभर-सव्वाशे दिसत होते, मध्येच पाचशे, पुन्हा शंभर. प्रत्येक गाडीचा तक्ता वेगळा असतो, तेव्हा हे आकडे दुसऱ्या गाडीला लावू नयेत.

पातेल्यातली परीक्षा

आता चेंबर उघडावे लागणार होते, कारण या गाडीत सेन्सर आतल्या बाजूला आहे. तेल उतरवले तेव्हा आम्ही सगळे वाकून पाहत होतो. तेल काळवंडलेले नव्हते, जळका वास नव्हता. चेंबरातल्या लोहचुंबकावर राखाडी मऊ लगदा होता, तो झिजेचा आणि नेहमीचा. लोखंडाचे तुकडे किंवा कपचे नव्हते. जळालेला गिअरबॉक्स असा नसतो. पोराच्या वडिलांनी तेल बोटाला लावून वास घेतला आणि पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर जीव आला.

वस्तादांनी सेन्सर सोडवून हातात दिला. सुपारीएवढी वस्तू. सूनबाई म्हणाल्या, "ह्याच्यापायी बांगड्या चालल्या होत्या?"

दुपारी नवा सेन्सर आणला, पण बसवण्यापूर्वी दोघांची परीक्षा आमच्या स्वयंपाकघरात झाली. एका पातेल्यात बर्फाचे पाणी, दुसऱ्यात उकळते. बर्फाच्या पाण्याचा ताप शून्य अंश आणि मुंबईसारख्या समुद्रकाठच्या गावी उकळत्या पाण्याचा शंभर, हे शाळेत सगळेच शिकतात. सेन्सरचे फक्त टोक बुडवायचे, पिना कोरड्या ठेवायच्या आणि मीटर पाहायचे. नवा सेन्सर बर्फात नऊ हजार ओहमच्या आसपास राहिला. उकळत्या पाण्यात दोनशेच्या खाली आला. बाहेर काढून निवू लागला तसा आकडा हळूहळू चढत गेला. जुना सेन्सर बर्फातही शे-दोनशे आणि उकळत्यातही शे-दोनशे, वर मध्येच उगाच पाचशेला हिसका. त्याला थंडी-ऊन कशाचेच भान उरले नव्हते. आमची सातवीतली पुतणी वहीत आकडे लिहून घेत होती. ती म्हणाली, "हा पेपर कोरा ठेवून आलाय."

संध्याकाळी नवा सेन्सर, नवा फिल्टर आणि गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या जातीचेच तेल घातले. तेलाची पातळी पुष्कळ गाड्यांत ठराविक तापालाच पाहायची असते. जुना सेन्सर खोटा ताप सांगत असताना पातळी तपासली असती तर तेल कमी-जास्त झाले असते आणि नवा बिघाड पदरात पडला असता. म्हणून वस्तादांनी लांबून ताप मोजणारे यंत्र चेंबरवर धरून पडद्यावरच्या आकड्याशी पडताळले, मगच पातळी पाहिली. कोड पुसले. मग पोरगा आणि वस्ताद चक्कर मारून आले. निघताना २७, मग ४०, ५५, ७० असा पायरी पायरीने आकडा चढत गेला आणि ८४ वर जाऊन थांबला. गिअर लोण्यासारखे पडत होते. परतल्यावर पुन्हा कोड पाहिले, एकही नव्हता.

सेन्सर, तेल, फिल्टर आणि मजुरी मिळून खर्च दहा हजारांच्या आत आला. आमच्या जामीनकीची गरज उरली नाही.

दिवा खरा असेल तर

ही हकिकत वाचून कोणी असा समज करून घेऊ नये की दिवा लागला म्हणजे सेन्सरच गेला. आमच्या त्या वॉचमन बांधवांची गोष्ट विसरू नका. दिवा लांबच्या चढावर किंवा तासभर वाहतुकीत अडकल्यावर लागत असेल, गाडीखाली तेलाचे थेंब पडत असतील, जळका वास येत असेल, चेंबरवर धरलेले यंत्रही जास्तच ताप दाखवत असेल, तर सेन्सर इमानदार आहे. तेव्हा गाडी कडेला घ्या, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे थंड होऊ द्या आणि तेल, नळ्या, कूलर तपासल्याशिवाय पुढे चालवू नका. खरे सांगणाऱ्याला बदलून दुखणे जात नाही.

काही बहाद्दर सेन्सरच्या जागी दहा रुपयांचा ठोकळा जोडून देतात, म्हणजे कॉम्प्युटरला कायम एकच ताप दिसतो आणि दिवा लागत नाही. हे कोणी सुचवले तर तिथून गाडी काढा. पहारेकऱ्याला अफू देऊन झोपवण्यासारखे आहे ते. खरा ताप येईल तेव्हा सांगायला कोणी नसेल.

आणखी एक खुलासा. क्लचचे पायडल नसलेली प्रत्येक गाडी अशा गिअरबॉक्सची नसते. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओपासून आपल्याकडे एएमटी गाड्यांचा प्रसार झाला. तिच्यात साधाच गिअरबॉक्स असतो, फक्त क्लच दाबायचे आणि गिअर टाकायचे काम यंत्र करते. तिथे ही तपासणी जशीच्या तशी लागू पडत नाही. आपली गाडी कोणत्या प्रकारची आहे ते आधी विचारून घ्या.

एवढे विचाराच

गॅरेजात गेल्यावर चार गोष्टी मागायला लाजू नका. सगळे कोड लिहून द्या. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळचे तिन्ही आकडे दाखवा. सेन्सर, वायर आणि कॉम्प्युटर यांपैकी दोष कशात आहे, हे कशावरून ठरवले ते सांगा. आणि बदललेला जुना भाग बिलासह परत द्या. चांगला मिस्त्री याला रागावत नाही, उलट त्याला बरे वाटते. बिल नाकारणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित प्रथा आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

आणि घरोघरच्या सूनबाईंना, लेकींना आमचे सांगणे, वहीत एक रकाना वाढवा. गाडी असो, शिवणयंत्र असो की घरातले आजारपण, केव्हा झाले, कशाने झाले, किती वेळ राहिले, ते लिहून ठेवा. दुखणे ओळखण्याची अर्धी विद्या त्या रकान्यात आहे.

परवा त्या पोराच्या घरी चहाला गेलो होतो. वही फळीवर होती, आम्ही सहज चाळली. भाडे, डिझेल, टोल, चहा. सूनबाई दिव्याचा रकाना अजून पाडतात. त्या रविवारपासून तो कोरा आहे. सूनबाईंनी चहाचा कप पुढे केला तेव्हा त्यांच्या हातात दोन्ही बांगड्या होत्या.

ज्यांच्या घरी ऑटोमॅटिक गाडीवर चूल पेटते, त्यांनी हे कात्रण गाडीच्या कागदपत्रांत ठेवावे. आमच्या सल्ल्यावर मात्र आंधळा विश्वास ठेवू नये. आधी तपासावे, मग मानावे.